समाजमंदिराच्या आवारात चार्जिंग

१८ नोव्हेंबर

आज पुन्हा चुडाव्याच्या रस्त्यावर माझ्या रिक्षाची बॅटरी उतरली. कालव्याच्या पुलाच्या अलीकडं. रिक्षात कापूस वेचून निघालेल्या बाया आणि रेल्वेनं आलेले आमचे ग्रामसेवक साहेब. बायांनी पदर खोचले आणि ढकलायला लागल्या. साहेब बसूनच. शेवटी एक म्हातारी म्हणली, "साहेब, तुमी बी उतरा. वजन तुमचंच हाय." मग उतरले बिचारे.

चालता चालता विचारलं त्यांनी, सुजाता, दिवसा का नाही चार्ज करत. म्हणलं, घरी दुपारी होल्टेज असतंय कुठं. रात्रभर लावायची, सकाळी स्टेशनच्या खेपा झाल्या की काटा खाली. तर म्हणाले, जिल्ह्याला निधी आलाय. सार्वजनिक इमारतीपाशी गाड्यांच्या चार्जिंगचं मशीन बसवून देणारेत. आपल्या सर्कलमध्ये एकाच गावाला. "पण आपल्या गावात बसवायचं कुठं," असं म्हणून गप्प झाले.

मी काही गप्प झाले नाही. घर येईपर्यंत विचारतच होते.


१९ नोव्हें.

अटी कळल्या. इमारत ग्रा.पं.च्या नावावर पाहिजे. डांबरी रस्त्याला लागून. गाडी आत उभी करायला मोकळं आवार. सगळ्यांना खुलं. ग्रामसभेचा ठराव. थोडा वाटा गावाच्या लोकवर्गणीतून.

ग्रा.पं. ऑफिस? बोळीत. बैलगाडी अडकती तिथं. शाळा? आवारात लेकरं, गाड्या आणायच्या नाहीत. मारुतीचा सभामंडप? साहेब म्हणाले तो ट्रस्टच्या नावावर.

मग राहिलं काय.

आमचं समाजमंदिर. वस्तीच्या तोंडाला, रस्त्याला लागून, पुढं पिंपळाचं मोठं आवार. दिवसभर मोकळं. आणि नावावर ग्रा.पं.च्या.

पोळ्या लाटता लाटता हे सुचलं. पोळी करपली.


२२ नोव्हें.

झोप लागंना तर उठून हिशेब केला. पैशाचा नाही, रस्त्याचा. दुपारी चार्जिंग मिळालं तर पूर्ण्याला जाऊन यायला जमतंय. आपल्या गावच्या कॉलेजच्या पोरी दुपारीच सुटतात आणि गाडी नाही म्हणून संध्याकाळपर्यंत पूर्ण्याच्या स्टँडवर बसून राहतात. दोघींची नावं तर याच कारणानं घरच्यांनी कॉलेजातून काढली. त्या पोरी मी आणू शकते. रोज. उजेडात.

नवऱ्याला, राहुलला फोन केला. सेलूला कापसाच्या जिनिंगवर आहे, सीझन जोरात, मागं मशीनचा आवाज. ओरडून सांगितलं सगळं. तो म्हणाला, "भारी हाय. पण आधी मामाला विचार." स्वतःच्या बापाला तो मामा म्हणत नाही, माझ्यासाठी म्हणाला. म्हणजे विचारायचं मीच.


२३ नोव्हें. रविवार

मामांना विचारलं. बुद्धवंदना झाल्यावर, चटया गुंडाळताना.

नाही म्हणाले.

मामा माझे सासरे, स.मं.च्या कमिटीचे अध्यक्ष. रेल्वेत गँगमन होते. सरकारनं पैसे दिले ते पायापुरते, बाकी वस्तीनं उभं केलं. मामांनी रजा टाकून विटा वाहिल्या, हे वस्तीत सगळ्यांना पाठ.

"नावावर त्यांच्या आसंल, घाम आमचा हाय," म्हणाले. "आज मशीन आणतील, उद्या म्हणतील चावी पंचायतीत ठेवा."

मी म्हणलं, मामा, गाव आपल्या दारात येईल.

"गावाला आपलं दार माहीत न्हाई का. इतकी वर्षं रस्ता हितूनच जातो."




६ डिसेंबर

वस्तीतले निम्मे लोक मुंबईला गेलेत. आम्ही इथंच. संध्याकाळी स.मं.त मेणबत्त्या. मामा पुस्तकातून मोठ्यानं वाचत होते, मी बाहेर पायरीवर. आवाराकडं बघत होते. रिक्षा इथं, मोटारसायकली तिथं, मधे वळायला जागा. पिंपळाखाली बाकडं टाकायचं. गाडी चार्ज होईपर्यंत माणूस कुठं बसणार? इथंच बसणार. बोलणार. पाणी मागणार.

मला मशीनपेक्षा ते बाकडंच जास्त दिसायलंय.


११ डिसें.

सरपंच शोभाताईंकडं गेले. पहिल्यांदा एकटी. त्यांचे मालक बाहेर ओट्यावर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तेच द्यायलेत. शोभाताई शेंगा फोडायल्या. मी बोलले तेवढं बोलले. मालक म्हणाले, "बघू. गावात बोलावं लागंल. जागा जरा..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

निघताना शोभाताई फाटकापर्यंत आल्या. हळू म्हणाल्या, "माझी भाची पूर्ण्याला हाय कॉलेजला. तू खरंच आणशील का गं पोरींना?"

आणीन म्हणलं.

"मग मी बघते."

घरी येताना रिक्षाला पंख. चढ होता तरी.


२० डिसें.

शेजारच्या गावानं पण मागणी केली म्हणे. त्यांचं ग्रा.पं. ऑफिस रस्त्यावर, नवं कोरं. साहेब म्हणाले, तुमचं गाव तिठ्यावर आहे ही जमेची बाजू, पण ठराव लवकर हवा. पैसा मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर परत जातो.

मामांना हे सांगितलं. जेवत होते. ठेच्याचं बोट थांबलं. "त्यांच्याकडं जाऊ दे मग," म्हणाले, पण आधी म्हणाले होते तसं नाही.


२८ डिसें.

राहुल दोन दिवसांसाठी आलाय. बापलेक सकाळी स.मं.चं कुलूप काढून आत बसले. मी चहा घेऊन गेले. राहुल म्हणत होता एवढंच ऐकलं, "दादा, तुमी विटा वाहिल्या त्या काय बंद ठेवायला?"

जाताना राहुल म्हणाला, अर्धं काम झालंय. कोणतं अर्धं ते सांगितलं नाही.


३ जानेवारी

आज सावित्रीबाईंची जयंती. शाळेत बोलावलं होतं, रिक्षा चालवणारी बाई म्हणून पोरींपुढं दोन शब्द. माईक पहिल्यांदा हातात. दोन शब्द म्हणता म्हणता सगळं चार्जिंगचंच बोलले. एका पोरीनं विचारलं, रिक्षा चालवायला किती शिकावं लागतं. म्हणलं, चालवायला आठ दिवस, लोकांना सवय व्हायला वर्ष.

दुपारी मामा म्हणाले, "मास्तर भेटले. तू लय बोललीस म्हणे."

मग, पाणी पिऊन झाल्यावर, "वंदनेच्या टायमाला गाडी नको. आणि चावी कमिटीकडंच."

मला कळायलाच वेळ लागला की हे हो आहे.


९ जाने.

शोभाताईंबरोबर बापूरावांकडं. गावातली मोठी शेती त्यांची, आणि दुधाचं संकलन. त्यांच्या शब्दाशिवाय ग्रामसभेत हात वर होत नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांनी दुधासाठी बॅटरीचा टेम्पो घेतलाय. म्हणजे गरज त्यांनाही आहे, हे मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे, हे त्यांनाही.

ओसरीवर बसवलं. वहिनींनी चहा आणला. कप कोणता ते बघायची सवय सुटत नाही. सगळ्यांसारखाच होता. कान तुटलेला सुद्धा नव्हता.

बापूरावांना सगळं बारीक विचारायचं होतं. टेम्पो चालंल का, फेज किती, युनिटला काय भाव पडंल, बंद पडलं तर कोण दुरुस्त करंल. मला येत होतं तेवढं सांगितलं. शेवटी म्हणाले, "काम चांगलं हाय. ग्रामसभेत माझा पाठिंबा धर."

शोभाताई आणि मी रस्त्यात हसत सुटलो. दोन पोरींसारख्या. त्या म्हणाल्या, मालकाला सांगायचंच राहिलं मी इकडं आले ते.


१७ जाने.

वीज मंडळाचे इंजिनिअर येऊन गेले. डीपी जवळ आहे, थ्री फेज ओढता येते. आवार टेपनं मोजलं. मामा टेपचं दुसरं टोक धरून उभे. "पिंपळाला हात लागणार न्हाई ना?" असं तीनदा विचारलं. इंजिनिअर म्हणाले, सावलीच पाहिजे बाबा मशीनला. मामा खूश. नंतर मला म्हणाले, "पोरगं हुशार हाय."

आता २६ ची ग्रामसभा. वस्तीतल्या बायांना घरोघर सांगून आले. पांढरी साडी काढली बाहेर. मग ठेवली. रिक्षा चालवते तशीच जाणार, पंजाबी ड्रेसवर.


२६ जाने.

सगळं लिहायचंय.

झेंडा झाल्यावर शाळेच्या मैदानातच सभा. वस्ती एका बाजूला, गाव एका बाजूला, नेहमीसारखं. साहेबांनी विषय वाचला. कुजबुज. कुणीतरी म्हणलं, सभामंडपात का नको. साहेबांनी ट्रस्टचं सांगितलं. अजून एक जण म्हणाला, मग तळ्याकाठी शेड मारू. त्याला जागा नाही, निधी नाही.

मग बापूराव उठले. म्हणाले, काम गावाच्या भल्याचं आहे, सोडायचं नाही. माझा पाठिंबा. टाळ्या. मी पण वाजवल्या. मग म्हणाले, "फक्त एवढं करा. मशीन आवारात नको. रस्त्याकडच्या भिंतीला बाहेरून बसवा. गाडी रस्त्याकडंला लागंल, आत जायचं काम न्हाई. त्यांची बी अडचण न्हाई, आपली बी न्हाई."

सगळ्यांच्या माना हलल्या. सुटल्यासारख्या. आणि खरं लिहिते, माझी पण हलत होती. होतंय ना, होऊ दे, बाहेर तर बाहेर.

मामा उठले. काठी न घेता.

"बापूराव, भिंतीला लावायचं आसंल तर आमाला नको."

बापूराव म्हणाले, "नामदेवा, आता होत आलंय तर कामून मोडतूस?"

"मोडत न्हाई. करंट आमच्या भिंतीतून घ्यायचा आणि पाठ आमच्याकडं करून उभं ऱ्हायचं, हे कसं? यायचं तर दारातून या. आत सावली हाय, पाणी हाय. न्हाई यायचं तर मशीन त्या गावाला जाऊ द्या. आमची तक्रार न्हाई."

बसले.

मला राग आला मामांचा. एवढ्या महिन्यांचं सगळं... आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली की रडू का काय. दोन्ही एकदम.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. म्हणलं, पोरी दुपारपासून स्टँडवर बसून राहतात त्या काही भिंत कुणाची ते विचारत नाहीत. आणि रस्त्यावर गाड्या लावल्या तर उसाचा ट्रॅक्टर कुठून जाणार, मशीनला आवार पाहिजे म्हणूनच अट आहे. एवढंच बोलता आलं.

साहेबांनी शोभाताईंकडं बघितलं. शोभाताईंच्या मालकांनीही. मालकांनी मान जराशी नकारात हलवली, मी बघितलं ते. शोभाताईंनी पण बघितलं.

"आत," शोभाताई म्हणाल्या. "लिहा ठराव."

हात वर झाले. वस्तीचे सगळे. गावातल्या बायांचे आधी, मग पोरांचे, मग थोडे थोडे. काही जण उठून गेले. बापूराव गेले नाहीत. त्यांचा हात मांडीवरच होता.

ठराव पास.


२७ जाने.

सकाळी स्टेशनला रिक्षा लावली तर अनोळखी माणूस विचारतो, चार्जिंगवाली ताई तुम्हीच का.

मामांशी अजून नीट बोलले नाही. बोलायचं तर खूप आहे. भाकरी वाढली, ते म्हणाले, "रागावलीस?" म्हणलं, काल होते. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. एरवी एकच खातात.


८ फेब्रुवारी

लोकवर्गणी सुरू. शोभाताई, बचत गटाच्या दोघी आणि मी. कुणी पैसे देतंय, कुणी उद्या ये म्हणतंय. एका आजीनं तुरीची पायली दिली, म्हणली विका आणि घाला. ज्या घरांसमोरून रोज रिक्षा नेते त्या घरांच्या ओसऱ्या आतून बघितल्या. एका दारात बाई म्हणल्या, "आमचे मालक घरी न्हाईत," आणि मालक आतून खोकले. शोभाताई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "खोकला बसू दे, मग जातो," म्हणाल्या. वर्गणी मिळाली.

बापूरावांच्या दारी गेलो. वहिनी म्हणल्या, ते शेतात गेलेत. टेम्पो अंगणातच होता. शोभाताई इथं बसल्या नाहीत.


१९ फेब्रु.

वाटा जमला. सगळा. वस्तीनं आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त घातलं, मामांनी पेन्शनमधून किती दिले ते मला सांगितलं नाही. साहेबांनी प्रस्ताव जिल्ह्याला पोचवला. आता वाट बघायची. वाट बघणं मला जमत नाही, आज रिक्षा दोनदा धुतली.


२ मार्च

काही नाही अजून. शेजारच्या गावातले लोक स्टेशनवर म्हणायलेत त्यांचंच होणार. एक जण तर म्हणाला, "तुमच्यात भांडणं हायेत म्हणे, मग साहेब लोक कशाला देतील."

मामांना सांगितलं नाही.


१० मार्च

मंजूर.

मंजूर मंजूर मंजूर. साहेबांचा फोन आला तेव्हा रिक्षात भरगच्च माणसं होती. गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून नुसती उभी राहिले. पुलाजवळच्या त्या म्हातारीनं विचारलं, "पुन्यांदा ढकलायचं का?" म्हणलं, नाही मावशी, आता नाही. सगळ्यांना सांगितलं. भाडं घेतलं नाही कुणाचंच. राहुल फोनवर म्हणतो, असं केलंस तर महिन्यात रिक्षा विकावी लागंल. तो पण हसत होता, मशीनच्या आवाजातही कळलं.

शोभाताईंनी पेढे वाटले. वस्तीत येऊन, घरोघर. आमच्या घरी बसून पाणी प्याल्या.

मामांनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा खिशात ठेवला. कुणासाठी कोण जाणे.


१८ मार्च

पिंपळाजवळ मशीनसाठी ओटा बांधला. सिमेंटवर पाणी मारायचं काम मामांनी घेतलंय, पहाटे उठून मारतात. वायरमन म्हणाला बास झालं बाबा. मामा म्हणाले, आमच्या भिंतीला आम्ही आठवडाभर मारलं होतं.

मारुतीपारावर चर्चा चालली आहे म्हणे. कोण जाणार, कोण नाही. ज्यांच्याकडं बॅटरीची गाडी नाही ते जास्त बोलायलेत.

बचत गटातली छाया रिक्षा शिकायला येते. आज गिअर शोधत होती. याला गिअर नसतो म्हणलं. "मग अवघड काय हाय?" म्हणली. सांगितलं, माणसं.


२५ मार्च

मशीन आलं. पेटाऱ्यातून काढलं तेव्हा सगळी वस्ती. हिरवं-पांढरं, माझ्या खांद्याएवढं. एवढंसंच? असं कुणीतरी म्हणलं. मला तर फार मोठं वाटलं. ओट्यावर उभं केलं, प्लास्टिक अजून काढलेलं नाही. करंट जोडायला मंडळाचे लोक दोन-चार दिवसांत येणार.

पाटी पण लागली. मामांनी अडून सगळं नाव लिहायला लावलं, समाजमंदिर, खाली गावाचं नाव, मग चार्जिंग केंद्र. पेंटर म्हणत होता जागा पुरणार नाही. पुरली.

बाकडं मी आणलं. पूर्ण्याहून, रिक्षाच्या टपावर बांधून.


२९ मार्च

दिवस मावळताना रिक्षा पुसत होते, आवारातच. मामा पायरीवर. फाटकाशी मोटारसायकल थांबली. बापूराव. ग्रामसभेनंतर पहिल्यांदा समोर.

"बसलं का?"

"बसलं," मामा.

"करंट?"

"परवा म्हणत्यात."

मग बापूराव म्हणाले, "टेम्पो वळंल का आत?"

"वळवला तर वळंल."

बापूराव गाडीवरून उतरले. फाटकाशी आले आणि चपला काढल्या. कशाला काढल्या त्यांनाही कळलं नसावं. मामा म्हणाले, "आसू द्या पायात. आत हॉलमधी काढतो आमी, हे अंगण हाय. हितं तर गाड्या यायच्यात."

बापूरावांनी चपला घातल्या. आत आले. मशीनला हात नाही लावला, भोवतीनं चालले, पिंपळापासून फाटकापर्यंत पावलं टाकत, टेम्पोची लांबी मोजल्यासारखं. बाकड्यापाशी थांबले. मी म्हणलं, बसा बापूराव, पाणी आणते. "न्हाई, दुधाचा टाइम झाला," म्हणाले. आणि गेले.

मोटारसायकलचा आवाज गेला.

मग मामा म्हणाले, "यील का गं?"

म्हणलं, चार्जिंग लागणारच की मामा, टेम्पो आहे.

"टेम्पोचं न्हाई विचारलं."

मी फडकं पिळलं. उद्या बाकडं पिंपळाच्या आणखी जवळ सरकवायचंय. दुपारी तिथं ऊन येतं.